आई रोज बाबांची पेटी ऐकते, हे बरं आहे का?

"बाबा जाऊन आठ महिने झाले. आई अजून रोज संध्याकाळी त्यांच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावून बसते. तिला यातून बाहेर कसं काढू?"

एक तरुण हा प्रश्न घेऊन आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वडील एसटीत नोकरीला, पण गाव ओळखायचं ते पेटीवाले म्हणून. सप्ताह असो की गणपतीची आरती, पेटीवर तेच. मुलांचे पाढेसुद्धा त्यांनी चालीवर पाठ करून घेतलेले!

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कधी रेकॉर्डिंगऐवजी खुंटीवरचा शर्ट असतो, इतकंच. गेलेल्या माणसातून मन काढून घेतलं की शोक संपतो, असं एके काळी मानसशास्त्रातही मानत. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी उलट बाजू मांडली: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं.

मी आईंना बोलावून घेतलं. "काकू, ऐकताना काय होतं?"

त्या चक्क हसल्या. "अहो, अभंग कुठला! मधेच ते तबल्यावरच्या पोराला दटावतात, 'अरे, धावू नकोस.' तेवढ्यासाठी लावते."

तेवढं ऐकून कधी डोळे पुसतात, कधी नुसत्याच हसतात आणि उठून कुकर लावतात. बचत गटाची बैठक चुकत नाही. झोप, जेवण ठीक. उट्रेख्ट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाचं हेच वर्णन केलंय: मन थोडा वेळ दुःखाकडे, थोडा वेळ पुढच्या संसाराकडे, असं हेलकावत राहतं. मुलगा मात्र विमा, पेन्शन, वारसनोंद यांतच बुडालेला. रेकॉर्डिंग लागलं की गच्चीवर जायचा. तोही शोकच. दोघांनी एकाच वेळी रडायला हवं, असं थोडंच आहे?

काळजी केव्हा करायची? अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या निकषांप्रमाणे मोठ्या माणसांत किमान वर्ष उलटल्यावरही जवळजवळ रोज तीव्र ओढ लागत असेल, मृत्यू खरा वाटत नसेल, रोजचं जगणं ठप्प झालं असेल तर. जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांची मर्यादा धरते. पण नुसते महिने मोजू नका, माणूस कसा वावरतोय ते बघा. जगणंच नको असं कुणी बोलू लागलं तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

राहिला प्रश्न पेटीचा. भजनी मंडळानं ती मागितली होती. मुलाला द्यायची घाई, काकूंना नाही. मी म्हटलं, वर्षश्राद्धापर्यंत काहीच ठरवू नका. पण बंद ठेवून पेटी खराब होते, तेव्हा वाजती राहू दे. आता तो तबलेवाला पोरगा दर गुरुवारी मंडळाच्या पेटीवाल्याला घेऊन येतो. काकू चहा करतात. मुलगा अजूनही गच्चीवरच जातो, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.