जुन्या विमानांच्या नादी लागलेल्या तरुणास

चि. मित्रा, सप्रेम आशीर्वाद.

जुन्या विमानांचा नाद तुला लागला आहे आणि तो टिकेल असे दिसते, याचा आनंद झाला. डाकोटा या दोन इंजिनांच्या जुन्या मालवाहू विमानाची तू पाठवलेली छायाचित्रे चांगली आहेत. मात्र त्यांखाली ‘1947 साली श्रीनगरला उतरलेले विमान’ असे जे लिहिले आहेस ते बरोबर नाही, आणि तुझ्या अभ्यासाची सुरुवात येथूनच व्हावी असे मला वाटते.

27 ऑक्टोबर 1947 रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला जे पहिले डाकोटा उतरले, त्याचा क्रमांक व्हीपी 905 होता. 4 मे 2018 रोजी दिल्लीजवळच्या हिंडनच्या तळावर ‘परशुराम’ या नावाने वायुदलात दाखल झालेले विमान निराळे आहे. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून घेतले आणि डाकोटाचे वैमानिक असलेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ वायुदलाला भेट दिले. त्या पहिल्या विमानाचा क्रमांक मग त्याच्यावर रंगवण्यात आला. (आधी नाकारली गेलेली ही भेट मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना स्वीकारली गेली, हे तुझ्या गोव्याकडच्या मित्रांना जरूर सांग.) यात फसवणूक नाही, असे क्रमांक रंगवण्याची रीत जगभर आहे. परंतु रंग स्मरणासाठी असतो, आणि विमानाची ओळख कारखान्याच्या पाटीवरून व लॉगबुकांवरून, म्हणजे उड्डाण-देखभालीच्या नोंदवह्यांवरून ठरते. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या बाबतीत हा प्रश्न फारच नाजूक होतो, कारण अवशेषांतून मोजके मूळ भाग घेऊन बाकी सारा सांगाडा नव्या पत्र्याचा घडवलेली विमानेही जुन्याच ओळखीने उडतात. माझ्या मते त्यालाही हरकत नसावी, फक्त किती भाग जुना आणि किती नवा हे मालकाने उघडपणे सांगावे, आणि तो सांगत नसेल तर तू विचारावेस.

आता तुझ्या पुण्याविषयी, म्हणजे तेथून एकेकाळी उडणाऱ्या लिबरेटरविषयी. लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातले चार इंजिनांचे अमेरिकी बॉम्बफेकी विमान. 18 हजारांहून अधिक बनली, पण युद्ध संपताच बहुतेक भंगारात गेली. कानपूरला ब्रिटिशांनी सोडलेली लिबरेटर विमाने तर कोणाला पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून ठेवलेली होती. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कंपनीच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसच्या आसपास विमाने एकमेकांचे सुटे भाग लावून उभी केली, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुनशी यांनी ती जेमतेम उडण्याजोग्या अवस्थेत बंगळूरला नेली. त्या काळी याला कोणी वारसाजतन म्हटले नाही, ती निव्वळ गरज होती. तरीही लिबरेटर जातीच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा जीर्णोद्धार मी यालाच म्हणेन. पुढे वायुदलाच्या 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ही विमाने पुण्याहून सागरी टेहळणीसाठी 1968 अखेरपर्यंत उडवली. ती निवृत्त झाल्यावर परदेशातील संग्रहालये जागी झाली: एक लिबरेटर 1969 मध्ये अमेरिकेतील टूसॉनला गेले, एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला मिळाले, आणि भारतातच पडून राहिलेले एक अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने दुरुस्त करून 1989 मध्ये पुन्हा आकाशात नेले. आज जगात जी थोडी लिबरेटर शिल्लक आहेत, त्यांतील कित्येकांच्या अंगावर कानपूर-बंगळूरचे हात फिरलेले आहेत.

विमान उडायचे थांबले की चाहते संतापतात, तसा तू संतापू नकोस. ब्रिटनचे व्हल्कन एक्सएच 558 हे जुने जेट बॉम्बफेकी विमान लोकवर्गणी आणि लॉटरी निधीच्या बळावर 18 ऑक्टोबर 2007 रोजी पुन्हा उडाले आणि 28 ऑक्टोबर 2015 रोजी कायमचे उतरले. पैसा नेहमीच कमी पडत असे, पण शेवट झाला तो तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी माघार घेतल्यामुळे. तशी जबाबदारी घेणारे कोणी उरले नाही की उड्डाणाचा परवानाही उरत नाही, आणि ते योग्यच आहे. 2 ऑक्टोबर 2019 रोजी अमेरिकेत ‘नाइन-ओ-नाइन’ हे महायुद्धकालीन बी-17 बॉम्बफेकी विमान कोसळून सात जण दगावले. अशा अपघातांचे चौकशी अहवाल लांबलचक आणि रूक्ष असतात. ते वाचलेस तर देखभालीविषयी दहा हवाई कसरतींतून कळणार नाही इतके कळेल.

पाहताना जमिनीवरचे काम अधिक पाहा. डाकोटा आणि लिबरेटर दोन्हींना प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे, गोलाकार मांडलेल्या चौदा सिलिंडरांचे एकाच जातीचे इंजिन आहे. ते बंद राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते, आणि तसेच सुरू केले तर आतले दांडे वाकतात. म्हणून सुरू करण्यापूर्वी माणसे प्रोपेलर हाताने फिरवताना दिसतात. प्रेक्षकांना तो विधी वाटतो, प्रत्यक्षात ती तपासणी असते.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. लोहगावच्या कुंपणाबाहेरून कॅमेरा रोखू नकोस. तो लष्करी तळ आहे आणि उत्साह ही सबब तेथे चालत नाही. आणि दिल्लीतील पालमच्या वायुदल संग्रहालयातील लिबरेटर पाहण्याआधी पुण्यात शोध सुरू कर. 1968 मध्ये विशी-पंचविशीत असलेले त्या स्क्वाड्रनचे तंत्रज्ञ आता ऐंशीच्या घरात असतील. कोणी भेटले तर किस्से ऐकच, पण विमानाचा क्रमांक, साल आणि त्यांच्याकडे नेमके कोणते काम होते हे आधी लिहून घे, आणि मग ते लॉगबुकशी ताडून पाहा.

कळावे.