घाम आला तरच योग?

प्रश्न : ताई, मांजलपूरला सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला मी योगवर्ग घेते. सोळाजण येतात. दोघी-तिघींना दिवाळीपर्यंत वजन उतरवायचंय, एका काकांना फक्त प्राणायाम हवा (‘आसनं म्हणजे निव्वळ व्यायाम’), कॉलेजातल्या मुलाला शीर्षासन, आणि एका आजींचे गुडघेच वाकत नाहीत. गेल्या महिन्यात चौघं सोडून गेले. बॅचेस वेगळ्या कराव्यात का?
– एक शिक्षिका, बडोदे

उत्तर : नको. सोळाजणांच्या चार बॅचेस केल्यात तर हॉलचं भाडंही निघायचं नाही. शिवाय चौघांच्या बॅचमध्येही चार मागण्या निघतातच.

दांडिया बाजारात मी सत्तावीस वर्षं शिकवतेय. पहिल्याच वर्षी एक बाई चटई गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, ‘बेन, परसेवो तो थयोज नहीं!’ घाम आला नाही, म्हणजे फी फुकट. मला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून सूर्यनमस्कारांचा सपाटा, वर दणदणीत कपालभाती. आठवड्याभरात एक गृहस्थ घेरी येऊन भिंतीला टेकले. त्यांना बीपी होतं आणि मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून वही ठेवते. नाव, आजार-ऑपरेशन आणि ‘कशासाठी’. तिसरा रकाना ज्याचा त्यानं भरायचा. बहुतेक जण ‘वजन’ नाहीतर ‘शांती’ लिहितात. मग मी विचारते, घरात नेमकं कुठे अडतं? एका आजींनी ‘शांती’ लिहिलं होतं. विचारल्यावर म्हणाल्या, ‘लेकीकडे सत्यनारायणाला सगळे खाली पंगतीत, मला एकटीला खुर्ची. कसंसंच होतं.’ मी ‘शांती’ खोडून ‘पंगत’ लिहिलं. चार महिने त्यांना लोडावर बसवलं, मग घडी केलेल्या चादरींवर. पंधरा दिवसांनी एकेक घडी कमी. श्रावणात त्या वरणभातापासून ताकभातापर्यंत पाटावर बसल्या. उठवायला दोघं लागले, ते सोडा.

वजनवाल्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका : आसनांपेक्षा भरभर चालण्यानं जास्त कॅलरी जळतात. कमाटीबागेत चाला, आणि परतताना सेव-उसळीच्या गाडीपाशी थांबू नका. एखादी सोडून जाईल. जाऊ दे.

तासात आसन एकच ठेवा, पायऱ्या तीन. पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकायचं) मुलगा पायाचे अंगठे धरेल, मधल्या फळीतल्या बायका तळव्यांना जुनी ओढणी अडकवतील, आजी खुर्चीत बसून हात नडगीवरून खाली सरकवतील. नाव सगळ्यांना एकच सांगायचं, म्हणजे आपल्याला ‘सोपं’ दिलंय असं आजींना वाटत नाही. मुलाला शीर्षासनाआधी अधोमुख श्वानासनात (हातपाय जमिनीवर, कंबर वर) श्वास न अडकवता दोन मिनिटं थांबायला लावा. घाई तिथेच उतरते.

काकांचं अर्धं बरोबर आहे. योगसूत्रांत आसनावर तीनच सूत्रं आहेत. पण पुढचंच सूत्र ‘तस्मिन् सति’ म्हणून सुरू होतं. ते साधल्यावर प्राणायाम. पोक काढून कसला प्राणायाम? आणि व्यायामाला नाक मुरडायचं तर बडोद्यात तरी नको. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी इथेच प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात घडले. आणखी एक : काका ज्याला प्राणायाम म्हणत असतील ती कपालभाती हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, षट्क्रियांत (शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत) मोडते. हे मात्र एकट्यात सांगा, सगळ्यांसमोर नको.

गेलेल्या चौघांपैकी निदान एकीला फोन करा. माझ्याकडची एक ‘कंटाळून’ गेली असं मी वर्षभर धरून चालले होते. मंडईत भेटली तेव्हा विचारलं. मुलाची रिक्षा सात-वीसला यायची, आणि मी शवासन साडेसातपर्यंत लांबवायचे.