अधिक्रमण, संक्रमण की ग्रहण? ताऱ्यावरून सरकणाऱ्या ग्रहासाठी नेमका शब्द

सोलापूरच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी 'दूरच्या ताऱ्यांभोवतीचे महाकाय ग्रह कसे सापडतात' या विषयावर तक्ता केला. ताऱ्याच्या बिंबावरून ग्रह सरकतो आणि ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, त्या घटनेला मुलांनी 'ग्रहाचे संक्रमण' म्हटलं. एका सहकाऱ्यांनी ते खोडून 'अधिक्रमण' केलं. फ्लेक्स छापून आला तर त्यावर 'अतिक्रमण'. मुख्याध्यापक म्हणाले, सरळ 'ग्रहण' लिहा, सगळ्यांना कळेल. यातलं बरोबर काय?

ताई, बरोबर 'अधिक्रमण'. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ ला शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा मराठीत 'शुक्राचे अधिक्रमण' हाच शब्द रुळला. (पुढचं शुक्राचं अधिक्रमण थेट २११७ च्या डिसेंबरात आहे.) सूर्याच्या जागी दूरचा तारा आणि शुक्राच्या जागी त्याचा ग्रह घेतला तरी घटना तीच राहते, म्हणून शब्दही तोच राहायला हवा.

'संक्रमण' का नको, हे सोलापुरात समजावणं सोपं आहे. मकरसंक्रमण म्हटलं की तिथे नंदीध्वज आणि गड्डा यात्रा डोळ्यांसमोर येते. सूर्य धनू रास सोडून मकरेत जातो, म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात. 'सम्' आणि 'क्रम्' मिळून झालेल्या या शब्दात एक जागा सुटणं आणि दुसरी धरणं आहे. म्हणून संक्रमणकाळ, संक्रमणावस्था हे शब्दही त्यातूनच निघाले. एका बिंबावरून दुसरं बिंब सरकणं त्यात नाही. 'अधि' म्हणजे वर, वरून: अधिष्ठान, अधिरोहण. ग्रह आपल्याला ताऱ्याच्या बिंबावरून चालताना भासतो, म्हणून अधिक्रमण.

गोंधळाचं मूळ इंग्रजीतल्या 'ट्रान्झिट'मध्ये आहे. ज्योतिषी ज्याला गोचर म्हणतात तेही तिकडे ट्रान्झिट, तारा याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ) ओलांडतो तेही ट्रान्झिट आणि ग्रह ताऱ्यावरून सरकतो तेही ट्रान्झिट. मराठीत तिघांना तीन शब्द आहेत: गोचर, याम्योत्तर लंघन आणि अधिक्रमण. ही श्रीमंती सोडून एकाच शब्दावर का यायचं? हिंदीत 'पारगमन' चालतं. चांगला शब्द आहे, पण आपल्याकडे घरचा शब्द रुळलेला असताना तो आणायची गरज नाही.

'अतिक्रमण' झालं त्याचा दोष एकट्या फ्लेक्सवाल्याचा नाही. रस्त्यावरची अतिक्रमणं रोज पेपरात असतात, त्यामुळे हात आणि मोबाइलचा कीबोर्ड दोन्ही तिकडेच वळतात. 'अति' म्हणजे मर्यादेपलीकडे. छापायला देताना 'धि' वर पेनने गोल करून द्या आणि प्रूफ स्वतः वाचा. खरं तर 'अधिक्रमण' सरकारी मराठीत सर्रास आहे. 'यापूर्वीचा शासन निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहे' हे वाक्य शाळेच्या कार्यालयात नक्की कुठल्यातरी फायलीत सापडेल. तिथेही अर्थ 'वरून जाणे' हाच आहे. नवा आदेश जुन्यावरून जातो.

आता 'ग्रहण'. हा शब्द चुकीचा म्हणता येणार नाही, पण सैल आहे. झाकणाऱ्याचं आणि झाकल्या जाणाऱ्याचं बिंब आपल्याला साधारण सारखं दिसत असेल, किंवा एकाची सावली दुसऱ्यावर पडत असेल, तर ग्रहण. मोठ्या बिंबाआड लहान बिंब पूर्ण गेलं तर पिधान, जसं चंद्राआड रोहिणी जाते. लहान बिंब मोठ्यावरून गेलं तर अधिक्रमण. याचा फायदा दूरच्या ग्रहांच्या बाबतीत लगेच दिसतो. तोच ग्रह अर्ध्या फेरीनंतर ताऱ्याच्या मागे जातो, ते पिधान. तेव्हा प्रकाश फार थोडा घटतो, कारण ग्रहाचा स्वतःचा उजेड तेवढा वजा होतो. दोन्हीला ग्रहण म्हटलं तर 'पहिलं ग्रहण, दुसरं ग्रहण' अशी कसरत करावी लागते.

शिवाय व्याकरणाची एक अडचण आहे आणि तक्त्यातली खरी चूक तिथेच होण्याचा संभव आहे. सूर्यग्रहणात ग्रासला जातो तो सूर्य, म्हणजे ती कर्मणी षष्ठी. शुक्राच्या अधिक्रमणात जाणारा शुक्र, म्हणजे ती कर्तरी षष्ठी. दोन्हीकडे 'चा-ची-चे' असला तरी नातं उलटं आहे. सवयीने कोणी 'ताऱ्याचे अधिक्रमण' लिहिलं तर तारा कशावरून तरी गेला असा अर्थ होतो. लिहायचं ते 'ताऱ्यावरून ग्रहाचे अधिक्रमण'. क्रियापदंही वेगळी आहेत. ग्रहण लागतं आणि सुटतं, अधिक्रमण सुरू होतं आणि संपतं. विशेषण हवं असेल तर 'पराक्रमी'च्या वळणावर 'अधिक्रमी ग्रह' चालेल.

ग्रहण हा शब्द सोडला म्हणून ग्रहणाची सगळी परिभाषा सोडू नका, कारण ती सोन्यासारखी आहे. सोलापूर तर पंचांगाचं गाव, दाते पंचांग तिथूनच निघतं. पंचांगात ग्रहणाच्या वेळा कशा दिलेल्या असतात? स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. अधिक्रमणातही चार स्पर्शक्षण आणि एक मध्य असतो. पहिला स्पर्श, मध्य आणि शेवटचा मोक्ष हे तीन शब्द जसेच्या तसे घ्या. मधल्या दोघांबाबत मात्र सांभाळा. संमीलन म्हणजे मिटणं, उन्मीलन म्हणजे उघडणं, आणि अधिक्रमणात तारा मिटत नाही, ग्रह फक्त त्याच्या बिंबात पूर्ण शिरतो. तिथे 'आतला स्पर्श' म्हणणं प्रामाणिक होईल. शिरताना एक आतला स्पर्श, निघताना दुसरा.

उदाहरण म्हणून एचडी २०९४५८ हा तारा घ्या. महाश्व तारकासमूहात, सुमारे १५७ प्रकाशवर्षांवर. त्याचा ग्रह दर ३.५२ दिवसांनी अधिक्रमण करतो. स्पर्शापासून मोक्षापर्यंत सुमारे ३ तास, आणि स्पर्शापासून आतल्या स्पर्शापर्यंत सुमारे २५ मिनिटं. ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या साधारण आठव्या हिश्शाएवढा आहे. झाकलेलं क्षेत्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात जातं, म्हणून प्रकाशातली घट दीड टक्क्याच्या आसपास. तक्त्यावर 'घट' किंवा 'खोली' लिहा आणि पुढे टक्के द्या.

मुलांना दाखवायला भोगीची भाकरी पुरेशी आहे. २७ सेंटीमीटर व्यासाची भाकरी म्हणजे आपल्या सूर्यासारखा तारा. त्यावर १० रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे व्यासाचा दहावा हिस्सा, क्षेत्राचा शंभरावा. हा गुरू: घट एक टक्का. आता नाणं उचला आणि भाकरीवरच्या एकाच तिळाकडे बघा. अडीच मिलिमीटरचा तो तीळ म्हणजे पृथ्वी: घट एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. महाकाय ग्रह आधी का सापडले, याला यापुढे वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

अशा ग्रहाला काय म्हणायचं, हाही प्रश्न तक्त्यात आहेच. 'महाकाय ग्रह' ठीक. 'बाह्यग्रह' मात्र टाळा. पृथ्वीच्या कक्षेबाहेरचे मंगळ, गुरू, शनी यांना आधीपासून बाह्यग्रह म्हणतात आणि बुध-शुक्रांना अंतर्ग्रह. पहिल्यांदा 'सौरमालेबाहेरचा ग्रह' असं पूर्ण लिहून मग 'परग्रह' वापरा. ताऱ्याला अगदी खेटून फिरणाऱ्यांना 'तप्त गुरू' म्हणतात. त्यात 'गुरू'चा 'रू' दीर्घ, पण 'गुरुसदृश' किंवा 'गुरुग्रह' असा समास झाला की ऱ्हस्व. आणि 'ग्रहाचा आकार गुरूच्या दीडपट' हे वाक्य सोडा. आकार म्हणजे घडण, गोल की चौकोनी. मोजायचं ते आकारमान, त्याहून नेमकं म्हणजे त्रिज्या किंवा व्यास.

'शोध' हा शब्द सर्वात जपून. शोध घेणं आणि शोध लागणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एचडी २०९४५८ च्या ग्रहाची चाहूल आधी ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डुलण्यावरून लागली आणि मग १९९९ साली त्याचं अधिक्रमण टिपलं गेलं. एखाद्या परग्रहाचं टिपलेलं ते पहिलं अधिक्रमण. पण अधिक्रमणावरूनच ज्याचा शोध लागला असा पहिला ग्रह वेगळा, ओगल-टीआर-५६ बी. तो २००२ साली उमेदवार ठरला आणि २००३ साली त्याची खात्री झाली. 'अधिक्रमण करताना टिपलेला पहिला' आणि 'अधिक्रमणाने सापडलेला पहिला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, तक्त्यात ती एक होऊ देऊ नका.

खात्री होईपर्यंत 'उमेदवार' हाच शब्द योग्य. कारण घट दिसली म्हणजे ग्रहच असेल असं नाही. दोन तारे एकमेकांना झाकत असतील, तरी प्रकाश घटतो. ते कडेकडेने झाकत असतील तर घटीचा आलेख पसरट ताटासारखा न दिसता नरसाळ्यासारखा निमुळता होतो. एकाआड एक घटींची खोली कमी-जास्त असेल तरी संशय घ्यावा. मागच्या अंधूक जोडताऱ्याचा प्रकाश त्याच ठिपक्यात मिसळला तर फसगत आणखी सोपी होते. म्हणून ताऱ्याच्या या डुलण्याचा वेग मोजून ग्रहाचं वस्तुमान काढतात. टीओआय-१७८९ बी हे आपल्या देशातलं उदाहरण आहे. टेस या अवकाश दुर्बिणीने अधिक्रमण टिपलं, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या माउंट अबूवरच्या 'पारस' वर्णपटमापकाने वेग मोजून २०२१ साली खात्री दिली. वस्तुमान गुरूच्या ०.७ पट, त्रिज्या १.४ पट, फेरी ३.२ दिवसांची. यात कुठेही 'ग्रह दिसला' असं लिहायला जागा नाही. दिसली ती ताऱ्याच्या प्रकाशातली घट. ग्रहाची चाहूल लागली, हे मराठीतलं नेमकं वाक्य. ताऱ्यावर काळा ठिपका काढलेलं चित्र लावायचं तर खाली 'काल्पनिक चित्र' लिहा.

'वेध' आणि 'संस्कार' हेही शब्द तक्त्यात जरूर आणा. दुर्बिणीने मोजमाप करणं म्हणजे वेध घेणं, आणि मोजलेल्या आकड्यात करायची दुरुस्ती म्हणजे संस्कार. पंचांगगणितात देशांतर संस्कार असतो तसाच इथे वेळेला संस्कार लागतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कधी ताऱ्याच्या जवळ, कधी लांब असते, त्यामुळे प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो. म्हणून सगळ्या वेळा सौरमालेच्या गुरुत्वमध्याशी नेऊन नोंदवतात. दिवस मोजतात ते ज्युलियन पद्धतीने, म्हणजे एका ठरलेल्या दिवसापासून सलग मोजत. हा आपला अहर्गणच, फक्त आरंभ वेगळा. तो दिवस आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली सबंध रात्र एकाच ज्युलियन दिवसात बसते. जागतिक वेळेतल्या तारखा मात्र फसवतात. तिथे १४ तारखेचे १९:३० म्हणजे आपल्याकडे १५ ची पहाटे एक. हे विसरल्याने अख्खी रात्र चुकते.

मुलांना प्रत्यक्ष वेध घ्यायचा असेल तर एचडी २०९४५८ सोलापूरसाठी जणू घरचा तारा आहे. त्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) सुमारे +१८.९ अंश, सोलापूरचं अक्षांश सुमारे १७.७. म्हणजे याम्योत्तर लंघनाच्या वेळी तो डोक्यावरून जेमतेम सव्वा अंश उत्तरेला असतो. ऑक्टोबरच्या मध्यात हे रात्री नऊच्या सुमारास घडतं, पाऊसही सरलेला असतो. त्या रात्री अधिक्रमणही असेल तर 'ट्रान्झिट' या एका शब्दाच्या दोन घटना एकाच वेळी आकाशात असतील. अडचणही तिथेच आहे. जर्मन पद्धतीच्या विषुववृत्तीय बैठकीची (ताऱ्यांच्या गतीबरोबर वळणारी) दुर्बीण याम्योत्तरापाशी उलटवावी लागते. तारा कॅमेऱ्याच्या वेगळ्या बिंदूंवर जातो आणि आलेखात पायरी पडते, ती घट समजली जाते. ती पायरी टाळायला अधिक्रमण आणि लंघन यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर असेल अशी रात्र निवडा. दर दुसरं अधिक्रमण ७ दिवस १ तास ११ मिनिटांनी येतं, म्हणजे त्याच वाराला सव्वा तास उशिरा. त्यावरून पुढचे आठवडे कागदावर मांडता येतात.

तारा ७.६ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक), २० सेंटीमीटरच्या दुर्बिणीला जास्तच तेजस्वी. फोकस मुद्दाम थोडा सैल करा म्हणजे प्रकाश बऱ्याच बिंदूंवर पसरतो आणि कॅमेरा भरून जात नाही. त्याच चौकटीत साधारण तेवढाच तेजस्वी आणि त्याच रंगाचा तुलनातारा हवा. रंग वेगळा असेल तर तारे क्षितिजाकडे कलताना दोघांचा प्रकाश वेगवेगळ्या दराने घटतो आणि आलेख तिरका होतो. स्पर्शाच्या एक तास आधी सुरुवात करून मोक्षानंतर एक तासाने थांबा. आजूबाजूची सपाट रेघ नसेल तर घट कशापासून मोजणार? दीड टक्का म्हणजे प्रतीच्या हिशेबात ०.०१६. डोळ्याला हा फरक कळत नाही, आलेखावरच कळतो.

राहिला प्रश्न शेवटच्या अक्षराचा: 'बी' की 'ब'? 'बी' ठेवा. पहिला सापडलेला ग्रह 'बी', मग 'सी', मग 'डी', अशी ती यादीतली ओळख आहे. 'ब, क, ड' केलं तर वाचणारा 'अ' शोधत बसतो, आणि तिथे 'अ' नावाचा ग्रह नसतोच, ती जागा ताऱ्याची आहे.