चाळीस-पन्नास लाखांची गाडी घेण्याआधी

एवढी महाग गाडी घेताना फक्त शोरूमची किंमत धरून हिशोब मांडलात, तर तिथेच गडबड होते. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स लागतो, डिझेलला १५. म्हणजे ५० लाखांच्या पेट्रोल गाडीवर साडेसहा लाख तिथेच गेले. कंपनीच्या नावावर घेतलीत तर २० टक्के, म्हणजे दहा लाख! वर विमा, आणि दरवर्षी तो भरायचाच.

सुरक्षिततेसाठी एवढे पैसे घालणार असाल तर थांबा. टाटा सफारीला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे आहेत, आणि ती साधारण निम्म्या पैशात येते.

मग जास्तीचे पैसे कशाचे? केबिनमधली शांतता, सीट, वेगात गाडीचं रस्त्याला धरून राहणं. महिन्यातून चार वेळा समृद्धीने नागपूर-मुंबई करत असाल तर हे सुख खरं आहे, जरूर घ्या. रोजचं हिंजवडी-कोथरूड असेल तर ते तुमच्या वाट्याला फारसं येणारच नाही.

टायरचं आवर्जून विचारा. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर असलेल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, आणि खड्ड्यात टायरची कड बाजूने फाटली तर टायर बदलावाच लागतो. सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती लांब आहे, तेही बघा.

तरीही अशाच गाडीवर मन अडलं असेल तर तीन वर्षं वापरलेली, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली गाडी शोधा. किमतीतली सगळ्यात मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे मूळ मुदतीनंतरची वाढीव हमी, मिळत नसेल, तर मात्र ती गाडी सोडून द्या.