वाचकांचे प्रश्न : कंबरेतली गादी आणि डेडलिफ्ट

प्रश्न : वय 27. 110 किलोची डेडलिफ्ट (वजनाचा रॉड जमिनीवरून उचलणं) मारताना कंबरेत कट्‌कन वाजलं. दोन दिवसांत कळ डाव्या मांडीमागून पोटरीत उतरली. एमआरआयमध्ये एल-5 एस-1ची, म्हणजे कंबरेच्या अगदी खालच्या मणक्यांमधली गादी सरकल्याचं आलंय. तीन आठवडे पडून आहे. घरचे म्हणतात, गादी बसवणाऱ्याकडे चल. आता व्यायाम सुटला का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी अंथरुणातून उठा. एक-दोन दिवसांपलीकडे पडून राहिलं की पाठीचे स्नायूच ढिले पडतात. गादी सरकते हे नुसतं बोलण्यापुरतं. तिचं बाहेरचं कडं मागच्या बाजूला चिरतं आणि पुरणपोळी कडेला फुटून पुरण डोकवावं तसा आतला मऊ गर शिरेवर येतो. तो झटका देऊन कोणी आत बसवू शकत नाही. उलट चीर वाढायची. शरीर हा गर हळूहळू जिरवतं. ऑपरेशनशिवाय बहुतेकांची पायातली कळ 6 ते 12 आठवड्यांत उतरते.

भिंतीला हात टेकून डाव्या पायाच्या चवड्यावर दहा वेळा उठा, मग उजव्या. डावा चौथ्यालाच थकला तर शिरेची ताकद कमी झालीय. त्याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवा. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जा. तिथे नुसतं ‘बेन्नु नोवु’ (कन्नडमध्ये पाठदुखी) म्हणू नका. कळ कुठवर उतरते, बधिर कुठे आहे, ते बोटाने दाखवा.

एरवी रोज तीन वेळा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. एसटीत मागची सीट नको, चाकावरचे सगळे दणके तिथेच बसतात. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नाही. बादली उचलणं आणि उकिडवं बसणंही त्यातच आलं. काही दिवस कमोड वापरा. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत चढत आली तर कंबर जरा जास्त दुखली तरी सुधारणाच समजा. ती पावलाकडे उतरू लागली तर थांबा.

कळ पायातून गेली आणि अर्धा तास न दुखता चालता आलं की उचलायला लागा. डोकं, पाठ आणि माकडहाड या तिन्हींना टेकेल अशी काठी पाठीवर उभी धरून नितंब मागे न्या. काठी सुटली म्हणजे कंबर गोल झाली. हे आठवडाभर, रोज दहाचे तीन सेट. मग नुसता 20 किलोचा रॉड, गुडघ्याच्या उंचीवरून. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी आहे ते बघूनच वजन वाढवा, एका वेळी 5 किलो.

आपल्याकडच्या जिममध्ये एक गोष्ट कोणी बघत नाही. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटांचा व्यास 45 सेंटिमीटर, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. छोट्या लोखंडी प्लेटा लावल्या की तो खाली येतो आणि तो खड्डा शेवटी कंबर गोल होऊन भरून निघतो. प्लेटांखाली लाकडी ठोकळे ठेवून उंची मोजून घ्या. टेप दहा-वीस रुपयांत मिळते! खोल लेगप्रेसही (पायांनी वजन ढकलायचं मशीन) सध्या बंद. गुडघे छातीशी आले की माकडहाड सीटवरून उचलतं आणि तीच चूक होते.

प्रश्न : वखारीत 50 किलोची पोती उचलतो. दिवसभर बेल्ट बांधला तर चालेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बेल्ट गादीला धरून ठेवत नाही. श्वास घेऊन पोट त्याच्यावर दाबलं तरच कण्याला आधार मिळतो. सैल पोटावर तो नुसता पट्टा. उचलण्यापुरता बांधा, मग सोडा. पोतं छातीशी घ्या आणि ठेवताना कंबर न पिळता पावलं वळवा. दोघांनी उचलणं सर्वात बरं.

प्रश्न : दुखत काहीच नाही, पण रिपोर्टमध्ये गादी फुगलेली लिहिलीय.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही साधारण 30 टक्के जणांच्या एमआरआयमध्ये हेच दिसतं. रिपोर्ट कपाटात ठेवा.