सॉफ्टवेअर बंद केलं की गणित येत नाही, म्हणजे मी चिटिंग करतोय का?

इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, जवळ आली की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतंच. "मॅडम, रूमवर लॅपटॉपवर सगळी गणितं सुटतात, उत्तर पण बरोबर येतं, पण कागद समोर आला की ब्लँक. म्हणजे मला काहीच येत नाही ना?" त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलं नाहीये.

मुलगा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. या मुलांचं दुखणं बाकीच्यांना पटकन कळत नाही, कारण डिप्लोमात एका चलाचं डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन झालेलं असतं, पण फर्स्ट इयरचं एम वन, एम टू, म्हणजे मॅथ्सचे पहिले दोन पेपर, त्यांनी बघितलेलेच नसतात. पार्शल डेरिव्हेटिव्ह, जेकोबियन, डबल इंटिग्रल हे सगळं वर्गातल्या इतरांचं झालंय, आणि हा थेट एम थ्रीला जाऊन बसतो, जिथे सर फळ्यावर कर्ल आणि ग्रीनचं थिअरम लिहितायत. त्यात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी "डिप्लोमावाले मॅथ्समध्ये कच्चे" असं म्हणून गेलेलं, ते याच्या डोक्यात पक्कं बसलं.

पायथॉन त्याला बऱ्यापैकी येत होतं, त्यामुळे सिमपाय सापडलं, मग कुणीतरी मॅक्सिमा दाखवलं, दोन्ही गणितं सोडवून देणारी सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट, आणि मग असाइनमेंटचं एकेक गणित त्यात टाइप करायचं, उत्तर बघायचं आणि मित्राच्या वहीतल्या स्टेप्स मधे भरायच्या असं सुरू झालं. मार्क बरे येत होते, झोप मात्र उडाली होती. "कोणीतरी फळ्यावर बोलावेल आणि मी पकडला जाईन" हे तो सारखं म्हणायचा.

मी या कामात यायच्या आधी ज्युनियर कॉलेजला गणित शिकवलंय, म्हणून त्याला म्हटलं लॅपटॉप घेऊन ये आणि माझ्यासमोर एक गणित सोडव, मी नुसती बघते. त्याने गणित वाचलं, पेन उचललं, कागदावर काहीच नाही, पाय हलायला लागला, आणि मिनिटभरात लॅपटॉप उघडला. विचारलं, आत्ता कसं वाटलं? म्हणाला, "सुटल्यासारखं." आमच्या दृष्टीने गाठ इथेच असते. भीती वाटली, लॅपटॉप उघडला, भीती गेली, की मेंदू लगेच शिकतो की भीतीवर उपाय म्हणजे लॅपटॉप, आणि दर वेळी ही सवय अजून घट्ट होते. आळशीपणाशी याचा काही संबंध नाही, हा मुलगा रात्री दोनपर्यंत बसायचा.

मग मी त्याच्या जुन्या फाइल्स उघडायला लावल्या आणि तिथे गंमत सापडली. ग्रीनच्या थिअरमचं (बंद रेषेवरचं लाइन इंटिग्रल आणि आतल्या भागावरचं डबल इंटिग्रल सारखंच येतं, असं ते सांगतं) साधं गणित होतं, मायनस वाय डीएक्स प्लस एक्स डीवाय, वर्तुळाभोवती, दोन्ही बाजूंनी काढून पडताळा दाखवा. डबल इंटिग्रलमध्ये आत २ येतो, म्हणजे उत्तर क्षेत्रफळाच्या दुप्पट यायला हवं. त्रिज्या २ होती तेव्हा त्याच्या दोन्ही उत्तरांत ८ पाय (π) आलं, खूश. पुढच्या गणितात त्रिज्या ३, तर लाइन इंटिग्रल १८ पाय आणि डबल इंटिग्रल १२ पाय. रात्रभर याने लाइन इंटिग्रलचंच पॅरामीटर बदलून बदलून बघितलं, कारण मागच्या वेळी डबल इंटिग्रलची हीच पद्धत "बरोबर" आली होती ना! शेवटी पुस्तकाच्या मागचं १८ पाय लिहून मोकळा झाला.

मी म्हटलं, अरे सॉफ्टवेअर सोड, त्रिज्या ३ च्या वर्तुळाचं क्षेत्रफळ किती? ९ पाय. दुप्पट? १८. मग चुकलंय कोण? तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला, मग आकृती काढली, आणि त्याचं त्यालाच दिसलं की पोलरमध्ये, म्हणजे केंद्रापासूनचं अंतर आर आणि कोन यांत मोजताना, केंद्रापासून लांब जाऊ तसा छोटा तुकडा रुंद होत जातो, त्यासाठी जो आर गुणायचा असतो तोच त्याने टाइप केला नव्हता. आणि त्रिज्या २ ला सुटला कसा? शून्य ते दोन नुसतं डीआर घ्या, २ येतं, आर डीआर घ्या, तरी २ च येतं! निव्वळ योगायोग. सॉफ्टवेअरने दोन्ही वेळा निमूटपणे जे दिलं ते इंटिग्रेट केलं, त्याला काय माहीत तुम्हाला वर्तुळ हवंय की आणखी काही.

या फाइलने माझं अर्धं काम केलं, खरं सांगते. "सगळं कॉम्प्युटर करतो, माझं काहीच नाही" हे त्याचं वाक्य मी कितीही समजावून हललं नसतं, पण समोर दिसत होतं की लिमिट्स त्याच्या होत्या, पॅरामीटर त्याचं होतं, बरोबर आलेलं १८ पायचं लाइन इंटिग्रल त्याने स्वतः मांडलं होतं आणि चुकलेला आर पण त्याचाच.

पुढचे काही आठवडे लॅपटॉप बंद करायला मी सांगितलं नाही, एकदम बंद केला असता तर भीती दुप्पट झाली असती. फक्त क्रम बदलला. आधी आकृती, कोणता भाग, लिमिट्स काय, हे कागदावर, आणि मगच टाइप करायचं. ते जमल्यावर आतलं इंटिग्रल हाताने, फक्त तेवढंच मशीनवर तपासायचं. अडलं तर अडलेली एकच स्टेप विचारायची, अख्खं गणित नाही. लॅपटॉपकडे हात जायला लागला की दहा मिनिटं थांबायचं, आणि त्या दहा मिनिटांत भीती चढते की उतरते ते मार्जिनमध्ये लिहायचं. बहुतेक वेळा उतरायची, हे त्याला खरंच वाटेना.

मधे एकदा वैतागून आला, एक्स ० ते १, वाय एक्सपासून १ पर्यंत, ई रेस टू वाय स्क्वेअर. आतलं इंटिग्रल सिमपायला दिलं तर ईआरएफआय नावाचं काहीतरी आलं, याला वाटलं टाइप चुकलं. चुकलं नव्हतं, त्या फंक्शनचं नेहमीच्या फंक्शन्समध्ये इंटिग्रल निघतच नाही. आकृती काढून ऑर्डर बदलली, एक्स ० ते वाय, आत एक वाय आला आणि दोन ओळींत हाताने उत्तर, ई वजा १ भागिले २. त्या दिवशी पहिल्यांदा तो हसला.

आता चिटिंगचं. हे मी गोड करून सांगत नाही. मित्राच्या स्टेप्स आपल्या म्हणून देणं चूकच, ते त्यालाही माहीत होतं आणि झोप त्यानेच जास्त उडाली होती. मी म्हटलं सरांना जाऊन विचार, पडताळ्यासाठी वापरलं तर चालेल का. आठवडाभर टाळलं, शेवटी गेला. सर म्हणाले खुशाल वापर, पण स्टेप्स तुझ्या पाहिजेत, आणि वर सांगितलं की ही असली सॉफ्टवेअर काही आजची नाहीत, मॅक्सिमाचं मूळ १९६८ च्या एमआयटीतल्या प्रोजेक्टमध्ये आहे. पकडला जायची भीती त्या पाच मिनिटांत निम्मी झाली.

इनसेमला काठावर पास झाला, एंडसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला, बरे मार्क पडले, फार ग्रेट नाही, पण हाताने सोडवून पडले. डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांनी एम टूचं मल्टिपल इंटिग्रल सुट्टीतच उरकून घ्यावं असं मी आता सगळ्यांना सांगते, सॉफ्टवेअर शिकण्याच्याही आधी. तो स्वतः सध्या स्टोक्सच्या थिअरमच्या मागे आहे, नॉर्मलची (पृष्ठभागाला लंब रेषेची) दिशा उलटी घेतली की चिन्ह उलटं येतं आणि स्क्रीनवर त्याची काहीच वॉर्निंग येत नाही, म्हणून तेवढ्यासाठी त्याने वेगळी वही घातलीये.