तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माहा पोरगा अमरावतीले इंजिनिअरिंगले हाये. म्हणते, संशोधन संस्थेत जातो. तिथला मोठा साहेब करते तरी काय? – एक कापूसवाला, जि. अकोला

उत्तर : भाऊ, उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे. मुरंबा गावचे विजय भटकर. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली, तिची धुरा त्यांच्याकडे आली. बाहेरून महासंगणक मिळेना, म्हणून 1991 मध्ये 'परम 8000' इथंच उभा राहिला. एका पहिलवानाऐवजी पन्नास मजुरांनी वावर निंदावं, तसे अनेक छोटे प्रोसेसर, म्हणजे संगणकाचे मेंदू, एकत्र जुंपलेले. कुठला भाग विकत घ्यायचा, कुठला स्वतः घडवायचा, हे ठरवणं आणि दिल्लीची मुदत पाळणं, हे साहेबाचं काम.

मीही अशा एका प्रयोगशाळेत होतो. आमचा पंपाचा स्टार्टर पहिल्याच पावसात बंद पडला. साहेब बांधावर उकिडवे बसले, झाकण उघडलं, तर आत मुंग्या! मग झाकणाच्या रबरी पट्टीवर सहा महिने गेले. (फायलींवर त्याहून जास्त!)

पोराला आधी एमटेक करू द्या. आणि सुट्टीत आला की तुमच्या मोटरपंपाची पेटी उघडायला लावा.